सायकलीचे दाते आणि आपले गुडघे

आपल्या सायकलीचा रंग कोणता, घंटी वाजते की नाही, मडगार्ड कुठे वाजते, हे कुणीही सांगेल. पण मागच्या चाकाला जिथे चेन बसते तिथल्या चक्रीला दाते किती, असे विचारले तर दहांतले नऊ जण आपल्याकडे संशयाने पाहतील. मीही अगदी अलीकडेपर्यंत त्या नवांतलाच होतो. वीस वर्षे मुलांना प्रमाण आणि गुणोत्तर शिकवतो आहे, फळ्यावर दातेरी चाकांची गणिते सोडवतो आहे. पण रोज ज्या वाहनावरून कॉलेजला जातो त्याचे गुणोत्तर काय, हे काही मला कधी सुचले नव्हते.

हे दाते मोजण्याची पाळी माझ्यावर आणली ती आमच्या शेजारच्या एका प्राथमिक शिक्षिकांनी. त्यांची बदली एका लहान गावी झाली. एसटी हमरस्त्यावरच्या फाट्याला सोडते. तिथून शाळा पाच किलोमीटर आत. आतल्या रस्त्याने दुसरी गाडी शाळेच्या वेळेला नाही. गावात खोली करून राहावे तर घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आणि मुलगा दहावीला. तेव्हा बाईंनी एक घडीची सायकल घेतली. वीस इंची लहान चाके, मधोमध बिजागरी. घडी घातली की मोठ्या ट्रंकेएवढी होते. कंडक्टर ओळखीचा, तो ती मागच्या बाकापाशी ठेवू देई. फाट्यावर उतरायचे, सायकल उलगडायची, निघायचे. योजना नामी होती. पण शाळेच्या अलीकडे अर्ध्या किलोमीटरचा एक चढ आहे, त्या चढाने महिनाभरात बाईंचे गुडघे धरले.

एके संध्याकाळी त्या म्हणाल्या, "सर, ही सायकल विकून टाकते. चाकं लहान, त्यामुळे जड जाते, असं सगळेच म्हणतात. माझ्याच्यानं नाही होत."

मी म्हटले, "बाई, विकायची तर विका, पण आधी दाते मोजू."

आम्ही मोजले. पुढे, पायडलांच्या चाकाला, 52. मागच्या चक्रीला 16. आता 52 ला 16 ने भागले तर सव्वातीन येतात. म्हणजे पायडलाची एक पूर्ण फेरी झाली की मागचे चाक सव्वातीन वेळा फिरते. वीस इंची चाकाचा घेर साधारण 1.55 मीटर. त्याला सव्वातीनने गुणा; 5.04 मीटर. पायाची एक फेरी, की सायकल पाच मीटर पुढे. माझी स्वतःची सायकल जुन्या वळणाची, 28 इंची चाकांची. तिला पुढे 44 आणि मागे 18 दाते निघाले. तिच्या चाकाचा घेर सुमारे 2.2 मीटर, गुणाकार केला तर एका फेरीला 5.4 मीटर येतात. म्हणजे पाहा, चाके लहान असूनही बाईंची सायकल माझ्या सायकलीहून थोडी हलकीच होती! लहान चाकाला सारा दोष देण्यात अर्थ नव्हता. लहान चाक खड्ड्यात जास्त खोल उतरते आणि खडीवर जास्त आपटते, हे खरे. तेवढा त्रास ते देणारच. पण पायावर किती जोर येणार, हे एकट्या चाकावरून ठरत नाही. चाकाचा घेर, पुढचे दाते, मागचे दाते आणि पायडलाच्या दांड्याची लांबी, या चौघांवरून ते ठरते.

हे कसे घडले, त्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. एकोणिसाव्या शतकात विलायतेत जी उंच सायकल होती, पुढे माणसाच्या छातीएवढे चाक आणि मागे इवलेसे, तिचे पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसालाच असे. पायाची एक फेरी म्हणजे चाकाची एकच फेरी. तेव्हा वेगाने जायचे तर चाक मोठे हवे. आणि चाक किती मोठे करायचे, तर ज्याची टांग जेवढी लांब तेवढे! पुढे 1885 साली इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' सायकल पुढे आणली. चेनने मागचे चाक फिरवणारी, दोन्ही चाके जवळजवळ सारखी. चेन आली आणि टांगेचा व चाकाचा संबंध तुटला. पुढचे आणि मागचे दाते बदलले की लहान चाकसुद्धा मोठ्या चाकाचे काम करू लागले. अलेक्स मोल्टन या इंग्रज इंजिनिअराने 1962 साली लहान चाकांची सायकल बाजारात आणली तीही याच आधारावर. घडीच्या सायकलीचे सारे गणित या एका चेनवर उभे आहे. असो.

आता बाईंच्या चढाकडे वळू. चढ किती आहे, हे आम्ही घरच्या साधनांनी मोजले. एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्या. तिच्यावर निम्मी पाणी भरलेली बाटली आडवी ठेवा, पाण्याची रेघ बाटलीच्या कडेशी समांतर आली की पट्टी समतल झाली. गवंडी हीच गोष्ट लेव्हलच्या नळीतल्या बुडबुड्याने करतो. पट्टीचे वरचे टोक रस्त्याला टेकवून, खालचे टोक समतल होईतो उचला आणि त्या टोकाखालचे अंतर मोजा. आम्हाला पाच सेंटिमीटर मिळाले. म्हणजे वीस मीटर चालले की एक मीटर वर. यालाच विसास एक चढ म्हणतात. बोरघाटातल्या रेल्वेचा सर्वांत अवघड चढ सदतिसास एक आहे, आणि तेवढ्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. बाई रोज त्याच्या जवळजवळ दुप्पट चढ एकट्या पायांवर चढत होत्या. गुडघे धरले, यात नवल ते काय?

थोडा हिशेब करू. तो अवघड नाही. बाईंचे वजन 55 किलो, सायकल 13, वह्यांची पिशवी आणि डबा मिळून 7. एकूण 75 किलो. विसास एक चढावर ही सायकल मागे खाली ओढली जाते ती या वजनाच्या विसाव्या हिश्शाने, म्हणजे पावणेचार किलोने. टायर रस्त्यावर घासतो-दबतो, त्याचा सुमारे पाऊण किलो धरा. एकंदर साडेचार किलोचा ओढा. एवढ्याशा ओढ्याचे काय ते भय, असे वाटेल. पण एका फेरीत सायकल पाच मीटर जाते, आणि पाय किती खाली जातो? पायडलाचा दांडा 17 सेंटिमीटरचा. एक पाय वरून खाली येतो 34 सेंटिमीटर. दोन पायांचे मिळून 68. म्हणजे साडेचार किलोचा ओढा पाच मीटर ओढायचा, आणि त्यासाठी पायाला दाबायला वाव फक्त 68 सेंटिमीटरचा! तेव्हा पायाला त्या प्रमाणात जास्त जोर लावावा लागणार. साडेचारला 5.04 ने गुणून 0.68 ने भागा. सुमारे 33 किलो. 55 किलो वजनाच्या बाईंना प्रत्येक पायडलाला 33 किलोचा दाब द्यावा लागत होता, आणि असा एकदा नव्हे, त्या चढावर शंभर फेऱ्या, दोन्ही पायांनी.

आता मागची 16 दात्यांची चक्री काढून 20 दात्यांची बसवली तर? 52 भागिले 20 म्हणजे 2.6. एका फेरीला सायकल 4.03 मीटर जाईल. तोच हिशेब पुन्हा करा. दाब येतो सुमारे 27 किलो. सहा किलोचा फरक. हे ऐकायला थोडे वाटते. पण 33 किलोला बाईंना सीटवरून उठून अंगाचा भार टाकावा लागे. 27 किलो म्हणजे वजनाच्या निम्मे, ते बसल्या बसल्या दाबता येते. गुडघ्याच्या दृष्टीने या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

घडीच्या सायकलीला तर उठून पायडल मारणे आणखीच वाईट. तिच्या हँडलाचा खांब लांब, आणि त्याच्या बुडाशी बिजागरी. उभे राहून हँडल ओढत चढले की तो सारा ताण त्या बिजागरीवर येतो. साध्या सायकलीवर ही सवय चालून जाते. घडीच्या सायकलीवर ती टाळलेलीच बरी. म्हणूनच हिला हलके गुणोत्तर जास्त गरजेचे.

मग कष्ट वाचले का? हा प्रश्न बाईंनी लगेच विचारला, आणि तो अगदी बरोबर आहे. वाचले नाहीत. शंभर किलो ज्वारी अंगणातून घरात न्यायची आहे असे समजा. पंचवीस किलोच्या चार खेपा करा, नाहीतर वीस किलोच्या पाच. ज्वारी तेवढीच, अंगण तेवढेच. पण पाठीचा विचार कराल तर पाच खेपा करणाराच शहाणा. सोळाचे वीस दाते केले म्हणजे चाराच्या पाच खेपा केल्या. त्या चढावर पूर्वी शंभर फेऱ्या लागत, आता सव्वाशे लागतात. निसर्ग फुकट काही देत नाही. तो फक्त हप्ते पाडून देतो.

आणि या हप्त्यांचे व्याज कुठे द्यावे लागते, तेही सांगितले पाहिजे. सपाटीवर. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर पूर्वी सायकल ताशी 18 किलोमीटर जाई, आता साडेचौदा. पूर्वीचाच वेग हवा तर मिनिटाला 75 फेऱ्या हव्यात. फाट्यापासून चढापर्यंतच्या साडेचार किलोमीटरला बाईंना तीन-साडेतीन मिनिटे जास्त लागणार होती. त्यांनी घड्याळाकडे पाहून क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "गुडघ्यापुढं तीन मिनिटं काय?"

पण चक्री बदलण्याआधी, वाचकहो, दोन गोष्टी पाहा. त्यांना पैसा लागत नाही. बाईंच्या बाबतीत या दोन्ही चुकलेल्या होत्या, आणि मला वाटते घडीच्या पुष्कळ सायकलींच्या बाबतीत त्या चुकलेल्या असतात.

पहिली सीटची उंची. घडी घालताना सीट खाली सरकवावी लागते. उलगडताना घाईत ती अर्धवटच वर येते. सीट खाली राहिली की गुडघा फार वाकलेल्या स्थितीत जोर लावतो, आणि तिथेच दुखणे सुरू होते. सीटवर बसून टाच पायडलावर ठेवा. पायडल अगदी खाली असताना पाय सरळ व्हावा. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात जरासा बाक राहतो, तो योग्य. ही उंची एकदा मिळाली की सीटच्या दांड्यावर रंगाची एक रेघ ओढून ठेवा, म्हणजे रोज मोजायला नको. मात्र दांड्यावर कारखान्याने याहून वर काढू नये अशी खूण केलेली असते, तिच्या पलीकडे जाऊ नका. दुसरी गोष्ट हवा. टायरच्या कडेवर हवेचा दाब छापलेला असतो. अंगठ्याने दाबून 'आहे की' म्हणणे पुरेसे नाही. लहान टायरमध्ये हवा थोडीच मावते, त्यामुळे थोडी गेली तरी टायर बसतो. आठवड्याला एकदा भरावी.

एवढे केल्यावर बाईंचे दुखणे थोडे कमी झाले, गेले नाही. तेव्हा आम्ही बाजारपेठेतल्या सायकल मिस्त्रींकडे गेलो.

मागच्या चक्रीला दुकानात फ्रीव्हील म्हणतात. पायडल थांबवले तरी चाक फिरत राहते आणि टकटक आवाज येतो, तो तिच्यातल्या खटक्यांचा. ती चाकाच्या तुंब्यावर आट्यांनी बसवलेली असते. मिस्त्रींनी पहिल्यांदा आम्हाला 18 दात्यांची काढून दिली. म्हणाले, "सर, एवढी पुरे, सगळे हीच बसवतात." मी हिशेब सांगितला: 16 चे 18 केले तर फरक जेमतेम नवव्या हिश्शाचा, बाईंना तो चढावर कळायचाही नाही. त्यांनी डोके खाजवले, मागच्या फळीवरून 20 ची शोधून काढली. 22 ची पण असते, म्हणाले, मागवावी लागेल.

जुनी चक्री निघता निघत नव्हती. याला कारण आहे. चक्रीच्या आट्या अशा असतात की आपण पायडल मारू तशी ती घट्ट होत जाते. वर्षभर चढ चढलेल्या माणसाने ती वर्षभर आवळलेली असते! तिला काढायला खाचांत बसणारी खास चावी लागते. ती चावी वाइसमध्ये पकडून अख्खे चाकच डावीकडे फिरवायचे. हातोडा-छिन्नीने ठोकून काढणारे लोक आहेत, पण त्यात तुंबा बिघडतो. आपल्या डोळ्यांदेखत काम करून घ्यावे हे बरे. आणखी एक: ज्या सायकलींना मागे 13 किंवा 14 दात्यांची लहान चक्री असते, त्यांच्या आट्या पुष्कळदा वेगळ्या मापाच्या, बारीक व्यासाच्या असतात. त्यांच्यावर ही साधी चक्री बसत नाही. म्हणून चाक दुकानात नेऊन, लावून पाहूनच विकत घ्या. खर्च म्हणाल तर एका टायरच्या किमतीहून कमीच आला.

चक्री मोठी झाली की चेन आखूड पडते. चार दाते वाढले तर चेनला एक इंच जास्त लागतो. मागचे चाक खाचेत अर्धा इंच पुढे सरकायला जागा असेल तर चेन तीच चालते. नसेल तर कड्यांची एक जोडी वाढवावी लागते. बाईंच्या सायकलीत जागा होती. पण चाक पुढे सरकले म्हणजे ब्रेकची रबरे रिमवर नीट बसत नाहीत, ती पुन्हा जुळवून घ्यायची. उताराला लागल्यावर हे आठवणे उपयोगाचे नाही. चेन जुनी असेल तर तीही पाहून घ्या. नव्या चेनचे चोवीस सांधे बरोबर बारा इंच भरतात. पट्टी लावल्यावर इंचाचा आठवा हिस्सा जास्त भरला तर चेन झिजली. तशी चेन नव्या चक्रीवर घातली की नव्या दात्यांचीही वाट लागते. चेनची जोडकडी लावताना तिच्या चिमट्याचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवे. मिस्त्रींना हे माहीत असते, पण घरी करणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

पुढचे 52 दात्यांचे चाक काढून 42 चे बसवले असते तरी गुणोत्तर जवळजवळ तेच आले असते. पण ते चाक बहुधा पायडलाच्या दांड्याशी जोडूनच येते, त्यामुळे खर्च वाढतो. मागची चक्री बदलणे हा गरिबाचा गिअर. ज्यांना परवडेल त्यांनी तीन गिअरचा तुंबा असलेली सायकल घ्यावी. स्टर्मी आर्चर या मूळच्या इंग्लिश कंपनीच्या प्रसिद्ध तुंब्यात खालचा गिअर मधल्यापेक्षा चौथ्या हिश्शाने हलका आणि वरचा तिसऱ्या हिश्शाने जड असतो. चढाला एक आणि सपाटीला दुसरा, म्हणजे व्याज द्यायला नको. ज्यांच्या घडीच्या सायकलीला मागे सहा-सात चक्र्या आहेत त्यांनी काही बदलण्याआधी सर्वांत मोठी चक्री वापरून पाहावी. मी असे गृहस्थ पाहिले आहेत, की ज्यांनी घेतल्यापासून गिअरच्या कांडीला हात लावलेला नाही. आणि गिअर चढ लागण्याआधी बदलायचा असतो; चढावर जोर लावता लावता बदलला की चेन कुरकुरते आणि उडतेही.

पहिल्या आठवड्यात बाईंची तक्रार आली. "सर, सपाटीला पाय नुसतेच भिंगरीसारखे फिरतात. लोक हसतात." मी म्हटले, हसू द्या. पाय हलके आणि लवकर फिरवणे ही सवयीची गोष्ट आहे. आपल्याकडे जड पायडल हळूहळू रेटणे म्हणजेच सायकल चालवणे, असा समज आहे. दोनतीन आठवड्यांत त्यांना ते जमले. चढ त्या आता बसून चढतात. शाळेच्या फाटकाआधी वीसपंचवीस मीटरचा एक फार उभा तुकडा आहे, तिथे मात्र त्या उतरून सायकल हाताने नेतात, आणि ते योग्यच आहे. साधारण माणूस बराच वेळ टिकेल अशी ताकद म्हणजे एका अश्वशक्तीचा दहावा हिस्सा. तेवढ्या ताकदीने उभ्या चढावर सायकल चालण्याच्या वेगानेच जाते, मग दाते कितीही असोत. तिथे पायी चालण्यात कमीपणा कसला? आणि गुडघा विश्रांतीतही दुखत असेल, सुजत असेल, तर तो डॉक्टरांना दाखवा. दाते बदलून प्रत्येक गुडघा बरा होत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. प्रमाणाचा धडा आला की एक सायकल वर्गाबाहेर उभी करा. मुलांना पुढचे-मागचे दाते मोजू द्या, चुकू नये म्हणून पहिल्या दात्याला खडूची खूण करायला सांगा. भागाकार वहीत करून घ्या. मग टायरवर आणि जमिनीवर खडूची रेघ मारून, पायडल हाताने बरोबर एक फेरी फिरवत सायकल पुढे न्या, आणि टेपने अंतर मोजा. वहीतला आकडा आणि जमिनीवरचा आकडा जुळला की मुलांच्या चेहऱ्यावर काय उमटते ते पाहा. पाचसहा सेंटिमीटर इकडेतिकडे होतील. ते का झाले, हा पुढच्या तासाचा विषय.

बाईंनी हा प्रयोग सातवीच्या वर्गावर केला. दुसऱ्या दिवशी एक मुलगा घरच्या सायकलीचे दाते कागदावर लिहून घेऊन आला. त्याचे वडील त्याच चढाने रोज सकाळी दुधाचे दोन कॅन लावून डेअरीवर जातात. सायकल 28 इंची, पुढे 48, मागे 18. म्हणजे एका फेरीला जवळजवळ पावणेसहा-सहा मीटर, आणि वर चाळीस लिटर दूध! मुलाने कागदाखाली विचारले होते, मागे 22 लावले तर किती? बाईंनी उत्तर त्यालाच काढायला लावले, ते 4.8 मीटर आले. 22 ची चक्री मिस्त्रींकडे मागवायला सांगितली आहे.